दोन तासांची सुट्टी

बाबा आता सकाळी ओट्यावर बसून पेपर वाचतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या हृदयातल्या स्टेंटची माहिती देतात. वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेला माणूस त्याला फ्यूज म्हणणार हे ओघानेच आलं. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी एकदा समजावून सांगितलं की तो फ्यूज नव्हे, रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी आहे. बाबा म्हणाले, "तुमच्यासाठी जाळी असन. मी तर फ्यूजच म्हणीन." शेजारच्या सुशीलला ही गोष्ट पाठ झाली आहे. मलाही. तरी ओट्यावरून तो आवाज आत येतो तेव्हा मी हातातलं काम थांबवून ती पूर्ण ऐकते.

बाबांना हा स्टेंट बसला तेव्हा आईला जाऊन थोडेच दिवस झाले होते. ती झोपेत गेली. रात्री नेहमीसारखी पोटभर जेवली, वांग्याची भाजी तिखट झाली म्हणून माझ्यावर तोंडसुख घेतलं, आणि सकाळी चहाला हाक मारली तर उठली नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला असावा, तिला कळलंही नसेल. सगळे मला सांगत होते की असं मरण भाग्याचं. मी मान हलवत होते. मला एवढंच समजत होतं की कोणाला काही करायची संधीच मिळाली नाही. हाक मारायलाही उशीर झाला होता.

बाबा, म्हणजे देवराव, आमच्या भागातले बौद्धाचार्य. हुडकेश्वरला वस्ती वाढायला लागली तेव्हापासून कोणाच्या घरी लग्न असो, नामकरण असो, कोणी गेलेलं असो, बाबा पांढरा सदरा घालून जाणार, लोकांकडून त्रिशरण-पंचशील म्हणवून घेणार आणि मग बोलणार. नोकरीत होते तेव्हा ड्यूटी बदलून घेऊन जात. मुहूर्ताचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे. घरात मृत्यू झाला की काही दिवसांनी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो; लोक जमतात, वंदना होते, गेलेल्या माणसाविषयी चार जण बोलतात, मग जेवण. लोक बाबांना विचारत, "देवरावजी, कोणता दिवस चांगला?" बाबा म्हणत, "ज्या दिवशी लोकायले सुट्टी असन तो."

म्हणून आईचा कार्यक्रमही रविवारी ठेवला.

त्या रविवारी सकाळीच घरासमोर पांढरा मंडप लागला. थंडी होती. मागे अंगणात पोळ्यांची कणीक मळणं चालू होतं आणि माझा धाकटा भाऊ प्रशिक खुर्च्या मोजून घेत होता. मंडपवाल्याने माइकच्या वायरला दिलेला जोड बाबांना आवडला नाही. ते स्टुलावर चढून तो जोड स्वतः बांधायला लागले. मग हळूच खाली उतरले आणि स्टुलावरच बसले. मी पाणी घेऊन गेले तर सदरा पाठीला चिकटलेला. एवढ्या थंडीत घाम. एका हाताने त्यांनी जबडा धरला होता.

"दात दुखून राहिला," ते म्हणाले.

"तुम्हाला त्या बाजूला दातच नाही, बाबा."

त्यांनी पाणी न पिताच परत दिलं. त्याचीच मला भीती वाटली. सुशीलने त्याची गाडी काढली. प्रशिकने घरी थांबायचं ठरलं, कारण उमरेडकडची मंडळी निघालेली होती. बाबा गाडीत बसले ते या अटीवर, की एक गोळी घ्यायची आणि वंदनेच्या आत परत यायचं.

हॉस्पिटल फार लांब नव्हतं. तातडीच्या विभागात त्यांना लगेच आत घेतलं. छातीला वायरी लावल्या, ईसीजी काढला, गोळ्या चावून खायला दिल्या, हातात सुई घातली. हे सगळं इतक्या झटपट झालं की बाबांना विरोध करायला वेळ मिळाला नाही. तिथल्या डॉक्टरचं नाव काजल. माझ्याहून पुष्कळ लहान, डोळ्यांखाली रात्रपाळीचा काळसरपणा. तिने ईसीजीची पट्टी मला दाखवली नाही, बाबांना दाखवली. ते मला बरं वाटलं.

"काका, यात बदल आहे. हृदयाला रक्त कमी पडतंय. हृदयाचे डॉक्टर निघालेत, ते आले की अँजिओग्राफी करायची. तोवर तुम्ही इथे, या मशीनवर."

"किती वेळ लागन?"

"आज इथेच. उद्याही."

"मंग मले दोन तासाची सुट्टी द्या. घरी कार्यक्रम आहे. आटपून येतो."

"इथे सुट्टी नसते, काका. डिस्चार्ज असतो."

"तो द्या. आल्यावर पुन्हा भरती करा. मी कुठं पळून जाऊन राहिलो?"

"आणि मधे काही झालं तर?"

"मधे माही पोरगी आहे ना सोबत."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं.

"या पोरीला बंद पडलेलं हृदय चालू करता येत नाही, बाबा," मी म्हणाले.

डॉक्टरला दुसऱ्या रुग्णाने बोलावलं म्हणून ती पडद्यापलीकडे गेली. मी प्रशिकला फोन लावत होते. मागे वळले तर मशीनवरची रेघ सरळ झालेली आणि ते किंचाळायला लागलेलं. सरिता नावाची नर्स धावत आली, तिच्यामागे डॉक्टर, तिच्यामागे ट्रॉली ढकलणारा वॉर्डबॉय. बाबा पलंगावर ताठ बसले होते. छातीवरच्या सगळ्या वायरी काढून, एकात एक गुंतू न देता, त्यांनी उशीवर नीट ठेवल्या होत्या.

"काका, हे काय केलं?" सरिताला धाप लागली होती.

"लाइन बंद केली. लाइन बंद केल्याशिवाय खांबावरून उतरायचं नसते."

वॉर्डबॉय हसला. सरिताने त्याच्याकडे असं पाहिलं की तो ट्रॉली घेऊन निघून गेला. तिने न बोलता एकेक वायर पुन्हा लावली. बाबांनी लावू दिली, पण चपला कुठे आहेत ते पलंगावरून वाकून पाहत राहिले.

शेवटी डॉक्टर तो कागद घेऊन आली. डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध स्वतःच्या जबाबदारीवर जात आहे, असा तो कागद. तिने तो नुसता पुढे केला नाही. स्टूल ओढून बसली आणि एकेक वाक्य वाचून दाखवलं. घरी जाताना झटका येऊ शकतो. हृदय अचानक थांबू शकतं. जीव जाऊ शकतो. वाचून झाल्यावर म्हणाली, "काका, तुम्हाला धरून ठेवायचा मला अधिकार नाही. सही केली तर जाऊ शकता. पण ही सही घेतली म्हणजे माझं काम झालं असं नाही. तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं."

"बेटा, तू चांगली डॉक्टर आहे," बाबा म्हणाले आणि वळणदार अक्षरात सही केली. नातेवाइकाच्या सहीची जागा खाली होती. कागद आणि पेन त्यांनी माझ्या हातात दिलं.

"कर वं दीप्ती, सही. सुशीलले म्हणा गाडी काढ."

आईच्या वेळी कोणाला काहीच करता आलं नव्हतं. इथे करता येण्यासारखं होतं, करणारी माणसं समोर उभी होती, आणि हा माणूस पायाने चप्पल शोधत होता. मी पेनाला टोपण लावलं. 

"मी सही करणार नाही," मी म्हणाले. "आधी कारण सांगा."

"कारण तुले माहीत नाही? भिवापूरहून, काटोलहून लोक येऊन राहिले. ज्याच्या घरचा कार्यक्रम तोच नाही?"

"प्रशिक आहे. यमुआत्या आहे. तुम्ही आजारी आहात हे लोकांना समजेल. वंदना घ्यायला मनोहरराव आहेत."

मनोहररावांचं नाव निघालं आणि बाबा चप्पल शोधायचे थांबले.

"तोच तर आहे ना," ते म्हणाले.

मनोहरराव हे बाबांनी तयार केलेल्या माणसांपैकी सगळ्यात तयार. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं. बाबा दोन घरी एकदम जाऊ शकत नसत तेव्हा ते मनोहररावांना पाठवत, आणि मनोहरराव जाऊन बाबांचंच भाषण करत. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. बाबांनीच ते त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. घरातली बाई गेली असली की करायचं भाषण तर एकच होतं, ते मी लहानपणापासून ऐकलं आहे. ही माउली मेणबत्तीसारखी जळली आणि घराला उजेड दिला. स्वतः अर्धपोटी राहिली, पण लेकरांना उपाशी झोपू दिलं नाही. पतीच्या चळवळीच्या कामात तिने कधी नाही म्हणून म्हटलं नाही. इथवर आलं की बाया डोळ्यांना पदर लावत.

आणि शेवटच्या रांगेत बसलेली माझी आई खाकरायची. दरवेळी, 'अर्धपोटी' या शब्दाला. कारण आमच्या घरात ती सगळ्यात आधी जेवायची. पुस्तकांतल्या आया नेहमी शेवटी जेवतात. मी वाचायला लागले तेव्हा मला वाटलं होतं की आमच्याच घरात काहीतरी उलटं आहे. माझ्या आईची आई शेवटी जेवायची आणि पुष्कळदा जेवायचीच नाही. म्हणून लग्न ठरतानाच आईने बाबांना सांगितलं होतं की मी आधी जेवीन, पटत असेल तर हो म्हणा. घरी आल्यावर बाबा तिच्यावर चिडत, "भर कार्यक्रमात काहून खाकरत असते वं तू?" ती म्हणे, "घसा कोरडा पडते. तुमचं ऐकून ऐकून."

"घरोघरी तेच बोललो मी," बाबा आता म्हणत होते. माझ्याकडे न पाहता, हातातल्या सुईकडे पाहत. "कोणाच्या घरी विचारलं नाही, का बाई, ही खरंच अर्धपोटी होती का. विचारायचं सुचलंच नाही. लोकायले आवडे, आपण बोलत गेलो. आता तो मनोहर उभा राहीन अन् माझ्या प्रेमिलाले सगळ्यायच्या समोर अर्धपोटी ठेवन. अन् ती खाकरायलेही नाही."

सरिता सलाइनची बाटली बदलत होती. तिने ती फार सावकाश बदलली.

मला रडू येईल असं वाटलं, पण आलं दुसरंच काहीतरी. आई गेल्यापासून मी एकदाही थट्टेने बोलले नव्हते. आपल्या तोंडून तो आवाज निघू शकतो हेच मी विसरले होते.

"बाबा," मी म्हणाले, "आज इथून उठून गेलात आणि वाटेत काही झालं, तर पुढच्या रविवारी मनोहरराव तुमच्यावरही भाषण करतील. तुम्हाला चालेल?"

  त्यांचे ओठ एका बाजूला गेले, ते हसू दाबताना जातात तसे.

"पुरुषाचं भाषण तर त्याहून खराब आहे," ते म्हणाले.

"मला माहीत आहे. मीही ऐकलंय."

"मंग त्याले थांबव. तो थांबला तर मी थांबतो."

त्यांचा एक पाय अजून पलंगाखालीच होता. प्रशिक फोन उचलत नव्हता. मी यमुआत्याला लावला. यमुआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, आयुष्यभर भाजीबाजारात बसलेली. तिला माइकची गरज कधी पडली नाही. तिने उचलला आणि मी स्पीकर चालू केला. आधी भांड्यांचा आवाज आला, मग आत्याचा.

"कसा आहे वं माझा भाऊ?"

"बरा आहे आत्या, पण ऐक. मनोहररावांना बोलू देऊ नकोस. बाबा थांबायला तयार नाहीत, मनोहरराव तेच भाषण करणार म्हणून उठून यायला निघालेत."

"काय सांगून राहिली? तो तर सुरू झाला."

तिने फोन मंडपाकडे धरला असावा, कारण पडद्याच्या त्या कोपऱ्यात एकदम मनोहररावांचा आवाज घुमला. पलीकडच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याने मान उचलून पाहिलं. "...मेणबत्तीसारखी जळली. ज्या माउलीने आपल्या संसारात..."

बाबांनी दुसराही पाय खाली सोडला.

"यमे," ते फोनवर वाकून म्हणाले, "पुढचं वाक्य यायच्या आत त्याले बसव."

"दादा, तू काहून उठून राहिला गा? लेट."

"पहिले त्याले बसव."

"जगाले सांगत फिरला का दिवस-वार काही नसते म्हणून. अन् स्वतः मशीनवरून उठून रविवार साजरा करायले येऊन राहिला. लाज नाही वाटत?"

"यमे, अर्धपोटी येऊन राहिलं."

"...स्वतः अर्ध..." मनोहरराव म्हणाले, आणि आवाज तुटला. घरघर नाही, शिट्टी नाही. मधोमध कापल्यासारखा बंद. काही क्षण नुसती लोकांची कुजबुज ऐकू आली. मग आत्याचा आवाज, माइकशिवाय, जसा ती पावसाळ्यात मेथी विकताना काढायची तसा.

"मनोहरभाऊ, बसा गा. वायर मी काढली. ऐका सगळे जण. वंदना झाली, आता आज फक्त जेवण आहे. बोलणं दादा दवाखान्यातून आल्यावर. दिवस तो ठरवन. कोणी म्हणन हे बरोबर नाही, तर त्यानं जेवून मंग म्हणावं. पोळ्या गरम आहेत."

कोणीतरी काहीतरी विचारलं. आत्या म्हणाली, "लोक काय म्हणतील? लोक जेवतील."

बाबा फोनकडे पाहत होते. "कोणता जोड काढला तिनं," ते स्वतःशीच म्हणाले, "मी सकाळी बांधलेला?" मग त्यांनी आधी एक पाय वर घेतला, नंतर दुसरा, आणि उशीवर डोकं टेकलं. सरिताने पांघरूण ओढलं. मी कागद तसाच हातात धरून भिंतीला टेकले.

हे सगळं मी पुढे जे झालं त्यासाठी इतकं सविस्तर सांगते आहे.

बाबा सरिताला माइकच्या जोडाविषयी सांगत होते. उघडा जोड कसा गुंडाळायचा असतो, मंडपवाले कसे घाई करतात. "पहिले दोन्ही तारा पिरगाळायच्या," ते म्हणाले, "मंग..." आणि थांबले. मला वाटलं, शब्द आठवत नसेल. त्यांचे डोळे उघडे होते पण ते कुठेच पाहत नव्हते. मशीनवरची रेघ सरळ झाली नाही. ती वेड्यासारखी थरथरायला लागली. सरिताने एका हाताने मला पडद्याबाहेर ढकललं आणि दुसऱ्याने पलंग सपाट केला. काजल डॉक्टर माझ्या खांद्याला घासून आत गेली. पडद्याखालून मला फक्त पाय दिसत होते. कोणीतरी आकडे मोजत होतं. कोणीतरी म्हणालं, हात बाजूला. पलंग हादरल्याचा आवाज आला.

मग शांतता. मग मशीनचा तोच जुना, सकाळपासून कानाला त्रास देणारा, टिक टिक आवाज.

आणि बाबांचा. दबलेला, झोपेतून उठल्यासारखा. "कोणी मारलं मले?"

"मी," काजल डॉक्टर म्हणाली. "शॉक दिला, काका. करंट."

"किती व्होल्टचा?"

मी बाहेरच्या बाकावर बसले. सुशीलने चहा आणला; तो मी प्यायले की नाही आठवत नाही, कप रिकामा होता एवढं आठवतं. काजल डॉक्टर बाहेर आली. कपाळ पुसत म्हणाली की हृदयाचे डॉक्टर पोचले, आता लगेच आत नेतायत, स्टेंट टाकावा लागेल. मग थोडी थांबली आणि म्हणाली, "बरं झालं इथे होते." दुसरं काही म्हणाली नाही. घरच्या वाटेवर मानेवाडा चौकातल्या सिग्नलला सुशीलची गाडी उभी आहे, मागच्या सीटवर बाबा तारांविषयी बोलत आहेत आणि मधेच थांबले आहेत, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी ते पूर्ण पाहिलं. मग मला कळलं की ते झालेलं नाही. ते झालंच नाही, आणि आता त्या सकाळपुरतं तरी होणार नाही.  सुशील माझ्या शेजारी बसला आणि आम्ही दोघंही भिंतीवरच्या हात धुण्याच्या सूचना वाचत राहिलो.

सरिता आली. "ताई, तो कागद द्या. आता लागत नाही ना?"

माझ्या हातात त्याची सुरनळी झाली होती. तिने ती घेतली, फाडली आणि कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकणार तोच थांबली. "हा पिवळा दुसऱ्या कचऱ्याचा," ती म्हणाली, आणि काळ्या डब्यात टाकली.

घरी त्या दिवशी सगळे जेवले. आत्याने सांगितलं की बुंदी उरली नाही.

कार्यक्रम पुढे एका बुधवारी झाला. बुधवारच का, असं दोघा-तिघांनी विचारलं. बाबा म्हणाले, मंडपवाला त्या दिवशी रिकामा होता. लोक कमी आले. कामाचा दिवस होता. बाबा बारीक झाले होते, पांढरा सदरा खांद्यावरून उतरत होता. डॉक्टरांनी जास्त बोलू नका सांगितलं होतं, म्हणून त्यांना खुर्चीवर बसवलं. माइक लावला नाही.

मनोहरराव आले ते मागच्या रांगेत, अवघडून. वायर काढल्याचं त्यांच्या मनात होतं. बाबांनी त्यांना नाव घेऊन पुढे बोलावलं. "मनोहर, वंदना तू घे. तुझं काही चुकलं नव्हतं गा. भाषण माझंच होतं." मनोहररावांनी पुढे येऊन इतक्या खणखणीत आवाजात त्रिशरण सुरू केलं की बाहेरची कुत्री भुंकायची थांबली.

वंदना झाल्यावर जेवणं. आधी जेवणं, मग बोलणं, हा आत्याचा हुकूम. चौकटीतल्या आईच्या फोटोसमोर मेणबत्ती लावलेली होती, आणि तिच्यासमोर आम्ही सगळे वरण-भात, पोळ्या, वांग्याची भाजी खात होतो. भाजी या वेळी तिखट नव्हती. हे तिला सांगता आलं नाही.

मग बाबा बसल्या जागेवरून बोलले. हातात कागद नव्हता.

"प्रेमिला आमच्या घरात सगळ्यात आधी जेवायची," ते म्हणाले.

हसावं की नाही हे लोकांना कळेना. एकदोन बायांनी एकमेकींकडे पाहिलं.

"तिची माय उपाशी राहून गेली. म्हणून ती म्हणायची, मी उपाशी राहिली तर माझ्या लेकीले तेच वळण लागन. मी कार्यक्रमाहून येवो, ड्यूटीहून येवो, ही जेवून बसलेली. माझं ताट झाकलेलं असे. सुरुवातीले मले राग ये. मंग सवय झाली. मंग बरं वाटे. भरल्या पोटाची बाई घरात असली का भांडण कमी होते." थांबून म्हणाले, "कमी म्हणजे, होत होतं."

आता लोक हसले.

"दुसरं. आपण बोलतो का नवऱ्याच्या कामाले तिनं कधी नाही म्हटलं नाही. ही म्हणायची. रोज म्हणायची. दीप्तीची बारावी झाली तेव्हा एक स्थळ आलं होतं. चांगलं घर, चळवळीतला माणूस. मी हो म्हणून आलो होतो. प्रेमिलानं चूल विझवली अन् म्हणाली, नाही. त्या माणसाच्या घरी जाऊन तिनंच सांगितलं. मले तोंड दाखवायले जागा नव्हती. आता वाटते, तोंड दाखवायले जागा तिच्यामुळंच आहे."

हे मला माहीत नव्हतं. मी दारात उभी होते, हातात पाण्याचा तांब्या. त्या वर्षी आईने मला कॉलेजचा फॉर्म भरायला स्वतः सोबत नेलं होतं आणि वाटेत समोसा खाऊ घातला होता, आधी स्वतः खाऊन. तेवढंच मला आठवत होतं.

बाबा थकले होते. त्यांनी श्वास घेतला, आणि मला वाटतं, पुढचं वाक्य त्यांच्या जिभेवर इतक्या वर्षांच्या सवयीने आपोआपच आलं.

"तर अशी ही माउली," ते म्हणाले, "जिनं मेणबत्तीसारखं..."

ते थांबले. त्यांनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. तिथे एक खुर्ची रिकामी होती आणि शेजारी यमुआत्या बुंदीचा द्रोण मांडीवर घेऊन बसली होती.

आत्या खाकरली.

आधी मनोहररावच हसले, मग सगळा मंडप. बाबा हसले तेव्हा त्यांचा हात छातीवर गेला, आणि मी दारातून एक पाऊल पुढे टाकलं; पण ते फक्त सदऱ्याचं बटण सारखं करत होते.

"ऐकलं," ते शेवटच्या रांगेला म्हणाले. "झालं माझं."

मी तांब्या खाली ठेवला आणि त्यांची दुपारची गोळी आणायला आत गेले.